बेळगावकडची धूळ आणि घरातली साउंड सिस्टीम : काय झाकायचं, काय पुसायचं, कशाला हात लावायचा नाही

पिरनवाडीकर
नमस्कार मंडळी. घर खानापूर रस्त्याला लागून. समोरून दिवसभर चिऱ्याचे आणि वाळूचे ट्रक, मागं मोकळा प्लॉट, त्याची तांबडी माती. सकाळी पुसलेल्या ॲम्प्लिफायरवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. हॉलमध्ये जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर, दोन उभे स्पीकर, कॅसेट डेक आणि वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर आहे. रेकॉर्डमध्ये एलपी आहेतच, शिवाय नाट्यसंगीताच्या जाड जुन्या तबकड्या पण आहेत.

विचारायचं असं की सगळ्यावर कव्हर घालून ठेवावं का? गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरनं हवा मारून घेतली तर चालेल का? आणि व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येते, ती धुळीचीच का? ॲम्प्लिफायर उघडायची माझी तयारी आहे, घरच्यांची नाही.

चन्नम्मा_सर्कल
झाकून ठेवा की हो सरळ. आमच्या मावशीनं टीव्हीला भरतकामाचं कव्हर शिवलेलं. टीव्ही शेवटपर्यंत नवा दिसायचा.

उद्यमबागी
मावशींचा टीव्ही बंद असतानाच झाकलेला असणार, सगळा फरक तिथं आहे.

ॲम्प्लिफायर चालू झाला की आतलं हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाती, तापतं. गरम हवा वरच्या जाळीतून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालच्या फटींतून गार हवा आत ओढली जाते. म्हणजे सेट वाजत असतानाच धूळ खातो, नुसता ठेवलेला असताना वरवर बसते तेवढीच. चालू सेटवर कापड टाकलं तर हवेची वाट बंद होते आणि ट्रान्झिस्टर, कंडेन्सर भाजत राहतात. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर उष्णतेनंच लवकर म्हातारा होतो. म्हणून वाजवून झालं, सेट गार झाला, की मग सुती कव्हर. चालू करायच्या आधी काढायचं. हे रोज पाळायचं जमणार नसेल तर कव्हर न घातलेलं बरं.

दुसरं म्हणजे जागा. सेट जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलावर असेल तर आधी वर घ्या. जड धूळ गुडघ्याच्या खालीच घोळत असते. दोन-अडीच फूट उंच, आणि सेटच्या डोक्यावर निदान वीतभर मोकळं. काचेच्या दारांच्या शोकेसमध्ये कोंबलेले ॲम्प्लिफायर धुळीपासून वाचतात आणि उकडून मरतात.

आता आमच्याकडची खास गोष्ट. मी उद्यमबागेच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीच्या, बाजूला राहतो. आमच्या धुळीत लोखंड असतं. ग्राइंडरवरून, लेथवरून उडालेला बिडाचा बारीक चुरा कामावरून येणाऱ्याच्या शर्टावर बसून घरात येतो. स्पीकरच्या पाठीला केवढं मोठं चुंबक असतं ते तुम्हाला माहीत आहे. त्या चुंबकाच्या पोटात जी फट असते, जिच्यात व्हॉइस कॉइल वर-खाली होते, ती कॉइलच्या दोन्ही अंगांना मिलिमीटरभरसुद्धा नसते. चुऱ्याचा एखादा कण तिथं गेला की प्रत्येक ठेक्याला कॉइल त्याच्यावर घासते. ऐकताना वाटतं स्पीकर फाटलाय. कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्याच्या, मधोमध जी टोपी असते, डस्ट कॅप, ती शोभेची नसून हे थांबवायलाच असते. पोरांनी बोटानं दाबून ती सैल केली असेल, चीर गेली असेल, तर आधी ती बसवून घ्या.

आणि हा चुरा फुंकून जात नाही. हवा मारली तर उडतो आणि चुंबक परत ओढून घेतं. ओट्यावर मळलेल्या कणकेसारखा तो चिकट ब्लू टॅक मिळतो ना, पोस्टर चिकटवायला, त्याची वात करून टिपायचा. नाहीतर सेलोटेपची चिकट बाजू.

पिरनवाडीकर
आमच्या तांबड्या मातीत पण लोखंडच की. मग ती पण चुंबकाला धरणार?

उद्यमबागी
फारशी नाही. मातीतलं लोह गंजलेल्या रूपात, ऑक्साइड म्हणून असतं. साधं चुंबक तिच्यातून फिरवून बघा, थोडेसे काळे कण चिकटतील, तांबडा भाग तसाच खाली राहील. तुमच्या मातीचा त्रास वेगळा. ती चिकणमातीसारखी बारीक असते आणि तिच्यात खरखरीत कण मिसळलेले असतात. कोरड्या फडक्यानं जोर लावून पुसलं की रेकॉर्ड प्लेअरच्या पारदर्शक झाकणावर केसासारखे ओरखडे पडतात. शिवाय ॲक्रिलिक घासलं की त्यात स्थिर वीज भरते आणि पुसून हात बाजूला घ्यायच्या आत नवी धूळ येऊन बसते. झाकण किंचित ओलसर मायक्रोफायबरनं, जोर न लावता. आधी ब्रशनं वरची माती उतरवून घ्या.

गॅरेजवाला_अण्णा
कॉम्प्रेसर चालतोय की. आमच्यात सगळे मारूलालेत. कॉम्प्युटर, मिक्सर, सगळं एका फटक्यात साफ.

जांबोटीचा_पाऊस
अण्णा, मिक्सर वेगळा आणि ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा नाजूक स्पीकर, वेगळा. गॅरेजच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं आणि पंपाचं तेल हवेत उतरतं. पुढं फिल्टर आणि पाणी वेगळं करणारी बाटली नसेल तर तेलमिश्रित वाफ थेट सर्किटवर जाते. धूळ उडते, पण जे उरतं ते चिकट होतं. दाब पण इतका असतो की ट्वीटरचा रेशमी घुमट आत बसतो. एखाद्या सेटमध्ये थंड करायला पंखा असेल तर हवा मारताना त्याची पाती बोटानं धरून ठेवा. हवेनं तो बेफाम फिरला तर बेअरिंग जातं, आणि उलटी वीज निर्माण होऊन बोर्डाला पोचू शकते.

कॅमेऱ्याच्या लेन्सचा रबरी फुगा घ्या. स्वस्त, आणि हवा कोरडी. डब्यातली दाबलेली हवा वापरणार असाल तर डबा उभाच धरायचा, आडवा केला की आतलं द्रव बाहेर पडून पार्ट गारठतो.

पण मला बोलायचंय ते पावसाबद्दल. बेळगावात चार महिने ओल, आमच्याकडं घाटाच्या तोंडाशी तर भिंतीला घाम सुटतो. कोरडी धूळ वीज वाहून नेत नाही. तीच धूळ पावसाळ्यात पाणी धरते, तिच्यात उदबत्तीची राख, भिंतीतले क्षार मिसळलेले असतात, आणि दोन टोकांमध्ये बारीकशी गळती सुरू होते. मग गुणगुण येते, सॉकेट हिरवी पडतात. म्हणून आतली साफसफाई दिवाळीपर्यंत थांबवू नका, मेअखेरीस, मृगाच्या आधी करा. पाऊस लागला की सेट रोज थोडा वेळ नुसता चालू ठेवायचा. स्वतःच्या उष्णतेनं तो वाळतो. प्लास्टिकचं कव्हर तर या दिवसांत अजिबात नको. आतली ओल आतच राहते आणि कोनच्या कागदावर पांढरी बुरशी धरते.

आणखी एक. पाली गरम सेटवर येऊन बसतात. जाळीतून आत पडलेली लेंडी धुळीपेक्षा वाईट, गंज चढवते. जाळीवर बारीक मच्छरदाणी ताणायचा मोह होतो, पण तिनं हवा अडते. ठेवणीची जागा भिंतीपासून सुटी केली तर पाल कमी येते, एवढंच सांगू शकतो.

शहापूरची_वहिनी
इथं सगळे ब्रश, फुगे, ब्लू टॅक सांगताय. घरात झाडू कोण मारतं आणि कधी मारतं, ते कुणी विचारलं नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून थोडे आकडे देते. हवा शांत असेल तर १० मायक्रॉनचा धुळीचा कण सेकंदाला साधारण ३ मिलिमीटर खाली येतो. म्हणजे छातीएवढ्या उंचीवर उडालेला कण जमिनीवर यायला सहा-सात मिनिटं. १ मायक्रॉनचा कण तिथूनच खाली यायला आठ-दहा तास घेतो. केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास असते, त्यावरून अंदाज करा. हे शांत हवेतलं. वर पंखा फिरत असेल तर बारीक कण बसतच नाही, घरभर हिंडत राहतो आणि शेवटी तुमच्या ॲम्प्लिफायरच्या जाळीत ओढला जातो.

आता तुमच्या घरचा क्रम आठवा. आधी फर्निचर पुसतात, मग पंखा चालू ठेवून कोरड्या केरसुणीनं केर काढतात, मग लगेच सेट लावून आरामात बसतात. म्हणजे पुसलेल्यावर धूळ टाकायची आणि सेटला खाऊ घालायची. उलटं करा. पंखा बंद, सेट बंद आणि कव्हर घातलेलं. केर काढा, लगेच ओल्या फडक्यानं फरशी पुसा. थोडा वेळ जाऊ द्या. मग फर्निचर, सगळ्यात शेवटी सेट. व्हॅक्यूम क्लीनर चांगला, पण साध्या पिशवीचा असेल तर मागच्या बाजूनं बारीक धूळ परत खोलीत सोडतो, त्याची पाठ सेटकडं करू नका.

मार्च ते मे रस्त्याकडची खिडकी दुपारी बंद ठेवा. दारात दोन पायपुसणी, एक बाहेर एक आत. पंख्याच्या पात्यावरची धूळ जुन्या उशीच्या अभ्र्यात पातं घालून ओढून घ्या, सगळी अभ्र्यात राहते. एवढं केलंत तर सेट आठवड्याला एकदा हलक्या हातानं पुसला तरी पुरतो. रोज पुसायची हौस पुरुषांनी सेटऐवजी फरशीवर भागवावी.

पिरनवाडीकर
वहिनी, पोस्ट घरात मोठ्यानं वाचून दाखवली गेली. पुढचं तुम्हीच समजा. 🙏

रेकॉर्डचं कुणी सांगा.

तबकडीवेडा
तुमच्याकडं दोन जातीच्या तबकड्या आहेत आणि दोघींचं औषध वेगळं. हे नीट वाचा, कारण एकीचं औषध दुसरीला विष आहे.

एलपी विनाइलची, म्हणजे प्लास्टिकची. ती १९४८ साली अमेरिकेत बाजारात आली. त्याआधीच्या जाड, जड, पडली की फुटणाऱ्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या. आपल्याकडं एलपी आल्यावरही लाखेच्या बरीच वर्षं निघत होत्या, म्हणून एकाच कपाटात दोन्ही सापडतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार लाकडाला पॉलिश करायला चपडा स्पिरिटमध्येच भिजवतात ना, तीच लाख. त्यामुळं ७८ च्या तबकडीवर स्पिरिट, आयसोप्रोपिल, सॅनिटायझर, सेंट, काहीही नको. एक बोळा फिरवलात तर गाणं पुसलं जाईल.

तिच्यासाठी डिस्टिल्ड पाणी आणि भांडी घासायच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब. मऊ ब्रश खोबणीच्या दिशेनं, गोल. मधलं लेबल कोरडं ठेवायचं. नुसत्या डिस्टिल्ड पाण्याच्या फडक्यानं साबण काढायचा आणि लगेच टिपून उभी वाळवायची. भिजत कधीच टाकू नका. काही तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो, तो फुगतो. तडा गेलेल्या तबकडीला पाणीच नको, कोरडा ब्रश फक्त.

एलपीला मात्र चार भाग डिस्टिल्ड पाण्यात एक भाग आयसोप्रोपिल चालतं, मायक्रोफायबरनं. डिस्टिल्ड पाणी म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं, बॅटरीच्या दुकानात मिळतं. नळाचं नको. राकसकोप धरणाचं पाणी प्यायला कितीही गोड असो, वाळल्यावर क्षार खोबणीतच राहतात आणि मग ते टिकटिकतात. ही ओली सफाई वर्षातून एखादवेळ. एरवी प्रत्येक वेळी लावायच्या आधी कार्बन फायबरचा ब्रश. तबकडी फिरती ठेवून तो नुसता टेकवायचा, दोन-तीन फेऱ्या होऊ द्यायच्या आणि हळूच कडेला ओढून उचलायचा. दाबला तर धूळ खोबणीत बसते.

एलपीच्या खोबणीची रुंदी वरच्या बाजूला ५०-६० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा कमी. काट्याचा भार दोन ग्रॅमच्या आसपास, पण तो टेकतो इतक्या बारीक ठिकाणी की तिथला दाब प्रचंड होतो. मध्ये तांबड्या मातीचा कण आला तर काटा त्याला खोबणीच्या भिंतीत रुतवतो. तो ‘टक’ आवाज मग कायमचा, कितीही धुवा.

काट्याला लटकलेला धुळीचा गोळा बोटानं काढू नका. बारीक ब्रश मागून पुढं, एकाच दिशेनं. पुढून मागं किंवा आडवा फिरवलात की काट्याची दांडी वाकते. पांढरा मेलॅमिन स्पंज मिळतो, त्याचा छोटा तुकडा ठेवून काटा त्यावर फक्त वरून खाली टेकवायचा आणि उचलायचा. ओढायचा नाही.

७८ च्या तबकड्या एलपीच्या काट्यानं वाजवत असाल तर थांबवा. ७८ ला साधारण ३ हजारांश इंचाचा काटा लागतो, एलपीचा एक हजारांशाच्याही आतला असतो. बारीक काटा रुंद खोबणीच्या तळाशी जाऊन पडतो, आणि इतक्या वर्षांचा गाळ तळाशीच असतो. लोक म्हणतात जुनी तबकडी खरखरतेच. अर्धी खरखर तिथली असते. चावीचा ग्रामोफोन असेल तर पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी.

(सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले त्या काळात हीच तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी होती. अख्खा राग तेवढ्यात बसवायचा. आणि आपण त्यावर सॅनिटायझर मारायचा विचार करतो.)

ठेवणीबद्दल: उभ्या ठेवा, तिरप्या नकोत. आतली जुनी कागदी पिशवी पिवळी पडून चुरा सोडत असेल तर बदला, निम्मी धूळ तिचीच असते. कपाटात डांबरगोळ्या टाकू नका. नॅफ्थलीनच्या वाफेनं पॉलिस्टायरीन मऊ पडतं, आणि कॅसेटच्या, सीडीच्या पारदर्शक डब्या त्याच्याच असतात.

सोन्याची_केबल
धूळ वगैरे नंतर बघा हो. आधी ऑक्सिजन-फ्री केबल टाका, आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडेल. कुणाला हवी असल्यास निरोप करा.

उद्यमबागी
विक्रीचा धागा वेगळा आहे. तिकडं भांडायला नक्की येतो.

निपाणीकर
आमच्या धुळीला कुणी विचारलंच नाही. निपाणीत वखारींच्या गल्लीत घर असेल तर तंबाखूचा खकाणा खिडकीच्या जाळीवर तपकिरी थर धरतो. तो नुसता कोरडा नसतो, ओलीनं चिकट होतो आणि हाताला डाग पडतो. तसंच संकेश्वरकडं उन्हाळ्यात मिरची कांडप सुरू झालं की त्या तिखटाचा खकाणा. फुग्यानं सेटवर फुंकलात तर आधी तुमचेच डोळे जातील! अशा ठिकाणी ब्रश हळू चालवायचा आणि व्हॅक्यूमची नळी दोन बोटं अंतरावर धरायची. ब्रशनं सुटं करायचं, नळीनं गिळायचं. नळी थेट टेकवायची नाही, आणि स्पीकरच्या कोनजवळ, ट्वीटरजवळ तर नेऊच नका, घुमट ओढला जातो.

गळीत हंगामातली तिसरी तऱ्हा. उसाचा फड पेटवला की काळ्या राखेच्या पाकळ्या मैलभर उडत येतात. पांढऱ्या स्पीकरवर, कापडी जाळीवर बसल्या की लोक लगेच पुसायला जातात, आणि एका पाकळीचा वीतभर काळा फराटा होतो. ती राख पुसायची नसते, उचलायची असते. फुंकर, नाहीतर कपड्यावरचे केस काढायचा चिकट रोलर. फराटा झालाच असेल तर जाळी काढून, म्हणजे निघणारी असली तर, कोमट साबणपाण्यात बुडवून सावलीत वाळवा. फोमची जाळी जुनी असेल तर धुताना हातात भुगा होऊन येईल, तिला फक्त झटका.

अथणी_एक्सप्रेस
आमच्या काळ्या मातीचं पण सांगा कुणीतरी. माझ्याकडं साधा ब्लूटूथ स्पीकर आहे, शेतावर नेतो. त्याच्यावर आयपीएक्स७ लिहिलंय. म्हणजे धूळ जाणार नाही ना?

चिकोडीचा_मास्तर
जाईल. या खुणेत दोन जागा असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. तुमच्याकडं पहिल्या जागी एक्स आहे, म्हणजे धुळीची परीक्षा त्या खुणेत धरलेलीच नाही. ७ पाण्याचा: मीटरभर पाण्यात अर्धा तास. आयपी६७ असतं तर ६ म्हणजे धूळ पूर्ण बंद. पाण्याला बंद असलेला स्पीकर धुळीलाही बराच बंद असतो हे खरं, पण चार्जिंगच्या भोकावरची रबरी टोपी उघडी राहिली की सगळं संपलं. शेतावरून आणला की टोपी घट्ट लावून नळाखाली हलका धुवा, तुमच्या स्पीकरला ते चालतं. वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. भोकात माती गेली असेल तर लाकडी दातकोरणीनं काढा, टाचणीनं नको.

काळी माती वाळली की पिठासारखी होते आणि ओली झाली की फुगते. कापडी जाळीवर ओली बसली असेल तर पूर्ण वाळू द्या, मग ब्रश. ओल्यात चोळलंत तर विणीत शिरते.

जुना_मर्फी
धाग्यात उशिरा आलो. कुणाच्या माळ्यावर जुना व्हॉल्व्हचा रेडिओ असेल आणि हे सगळं वाचून तो खाली काढायचा विचार असेल, तर तीन गोष्टी.

वर्षानुवर्षांची धूळ आणि उंदराचं घरटं आत असताना ‘चालतो का बघू’ म्हणून प्लग लावू नका. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये आत २०० ते ३०० व्होल्टच्या घरात दाब असतो, प्लग काढल्यावरही कंडेन्सर तो काही वेळ धरून ठेवतात. आत हात घालायचा तर ज्याला येतं त्यानंच. तुम्ही फक्त पाठ काढून लांबून ब्रश आणि व्हॅक्यूम करा. व्हॉल्व्हवरची अक्षरं सुद्धा फडक्यानं निघून जातात, मग कुठला व्हॉल्व्ह ते कळत नाही.

आणि डायलची काच. कोलंबो, दिल्ली, मुंबई अशी गावं लिहिलेली. पुढून धूळ पुसून झाली की माणसाला वाटतं आतून पण पुसू. अक्षरं काचेच्या आतल्या अंगालाच रंगवलेली असतात. ओलं फडकं एकदा फिरलं की कोलंबो फडक्यावर येतं, आणि ते परत छापून मिळत नाही. आतली बाजू फक्त कोरड्या, मऊ, अगदी मऊ ब्रशनं. कोपरा खराब राहिला तर राहू दे.

पिरनवाडीकर
रेडिओ नाही, पण शेजाऱ्यांकडं आहे, त्यांना सांगतो.

माझी खरखर राहिलीच की. आणि डेकमध्ये कॅसेट घातली तर आवाज दबलेला येतो, वरचा सूर नाहीच.

उद्यमबागी
खरखरीचं आधी फुकटचं औषध. प्लग काढा. व्हॉल्यूमचं बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. बॅलन्स, बास, ट्रेबल पण तसेच. आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ आणि ऑक्साइडचा थर बसतो, पुष्कळदा एवढ्यानं निघतो. नाही गेला तर कॉन्टॅक्ट क्लीनर, पॉटसाठी (बटणामागचा तो फिरता भाग म्हणजे पॉट) चालतो असं डब्यावर लिहिलेला. पॉटच्या अंगावरच्या छोट्या भोकातून अगदी थोडा, आणि परत फिरवायचं. मग निदान रात्रभर वाळू द्या. बिजागरीला मारतो तो नेहमीचा डब्ल्यूडी-४० इथं नको, त्याचा तेलकट थर राहतो आणि पुढची धूळ तोच गोळा करतो. बटण एका जागी मध्येच आवाज तोडत असेल तर पट्टी झिजलीय, पॉट बदलावं लागेल.

त्यासाठी झाकण उघडावं लागेल. ट्रान्झिस्टरचा सेट आहे, तरी प्लग काढून तासभर तरी थांबा. मोठ्या डब्यांसारखे दिसणारे कंडेन्सर आणि त्यांच्या टोकांना हात नको. आत काय करायचं तर फक्त इंची ब्रश, रंगाचा, खऱ्या केसांचा. नायलॉनचा घासला की स्थिर वीज धरतो. ब्रशच्या गळ्याला पत्रा असतो, त्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा म्हणजे कुठं टेकला तरी धातू लागणार नाही. ब्रश वरून खाली, नळी खालच्या बाजूला. हीटसिंकच्या पात्यांमधली लोकरीसारखी धूळ निघाली की काम झालं. बोर्ड चकचकीत करायच्या नादी लागू नका. सेट नीट वाजत असेल आणि जाळीतून टॉर्च मारल्यावर आत गालिचा दिसत नसेल तर मी उघडायलाच सांगणार नाही. घरच्यांचं बरोबर आहे.

डेकचं: दबलेला आवाज म्हणजे हेडवर, फीत जिथं घासून वाचली जाते त्या धातूच्या भागावर, तपकिरी थर. त्यात धूळ कमी, कॅसेटच्या फितीचं ऑक्साइड जास्त. कानातल्या बोळ्याला आयसोप्रोपिल लावून हेड पुसा, बोळा तपकिरी व्हायचा थांबेपर्यंत बदलत राहा. शेजारची पोलादी काडी, कॅप्स्टन, ती पण. रबरी चाकाला मात्र ओलसर बोळा पुरे, स्पिरिटनं जुनं रबर कडक होतं. केमिस्टकडचं आयसोप्रोपिल चालेल, फक्त त्यात सुगंध, ग्लिसरीन काही नको. सगळं वाळल्यावरच कॅसेट.

शहापूरची_वहिनी
एक राहिलं. हॉल आणि देवघर एकत्र असेल, स्वयंपाकघराला दार नसेल, तर सेटवर बसते ती धूळ चिकटच असणार. फोडणीचा धूर, उदबत्ती, कापूर. गणपतीत तर आरतीची गाणी लावायची म्हणून स्पीकर मखराशेजारीच ठेवतात, वर धूप. ती काजळी कोरड्या ब्रशनं निघत नाही. सेटच्या बाहेरच्या अंगाला कोमट पाण्यात साबणाचा थेंब, घट्ट पिळलेलं फडकं, मग कोरडं. बटणांच्या अक्षरांवर घासू नका. कॉलिन थेट सेटवर मारू नका, फटीतून आत जातं. गुलाल उधळला असेल तर ओलं फडकं लावायच्या आधी तो कोरडाच झटका, नाहीतर रंग बसतो.

स्पीकर दहा दिवस खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवले तरी आरती ऐकू येते.

वडगावचा_नवा
नमस्कार, पहिलीच पोस्ट. घराला पुट्टी मारून घासायचं काम पुढच्या आठवड्यात आहे. सेट दुसऱ्या खोलीत ठेवला तर पुरेल का? वर प्लास्टिक नको म्हणताय सगळे.

जांबोटीचा_पाऊस
पुट्टी घासायचं काम हा अपवाद धरा. पॉलिश पेपरनं उडणारी ती पांढरी धूळ पिठाहून बारीक असते, दाराखालून दुसऱ्या खोलीत जाते. सगळ्या तारा काढा, तारांवर चिठ्ठ्या चिकटवा कुठली कुठं ती, आधी मोबाइलवर फोटो. सेट पूर्ण गार आणि कोरडा असताना सुती चादर, त्यावर जाड प्लास्टिक, कडा टेपनं बंद. काम संपून खोली दोनदा ओल्यानं पुसून झाली की मगच सोडा, आणि सोडल्यावर प्लास्टिक लगेच टाकून द्या. मध्ये पाऊस आला तरी चार-आठ दिवसांनी काही होत नाही. रेकॉर्ड प्लेअरचा काटा काढून डबीत, आर्म क्लिपला बांधून. सुतारकाम पण असेल तर आधी ते, मग पुट्टी, म्हणजे दोनदा बांधाबांध नको.

वडगावचा_नवा
आभारी आहे. फर्निचरवाला पुट्टीनंतर येतो म्हणालाय, त्याला फोन करतो आता.

पिरनवाडीकर
सगळ्यांचे आभार. बटण फिरवून खरखर बरीच गेली, पूर्ण नाही. ॲम्प्लिफायर खिडकीजवळून आतल्या भिंतीला, वर उचलून ठेवलाय. कॉम्प्रेसर बाद. ७८ च्या तबकड्या काटा मिळेपर्यंत वाजवणार नाही.

खऱ्या केसांचा इंची ब्रश म्हणजे रंगाच्या दुकानात काय म्हणून मागायचा? गेलो होतो, त्यानं नायलॉनचाच दिला.

उद्यमबागी
हॉग ब्रिसल म्हणा, वॉर्निशचा ब्रश म्हणा. नवीन ब्रशचे केस सुरुवातीला गळतात, आधी हातावर झटकून घ्या. स्पीकरच्या कोनसाठी तो कडक पडेल, तिथं मेकअपचा मोठा मऊ ब्रश. घरच्यांना विचारून घ्या.

शहापूरची_वहिनी
विचारून नाही. नवीन विकत घ्या.